न आंबवलेली बिअर

आमच्या घरात बिअर करायचे मी आणि प्यायचा नवरा. हे सांगितलं की लोक हसतात आणि आपण उलटं तर ऐकलं नाही ना, म्हणून पुन्हा विचारतात. पण होतं ते असंच. मला बिअरची चव कधी फारशी आवडली नाही. जमलीय की नाही ते बघायला एक घोट घ्यायचा आणि बाटली त्याच्याकडे द्यायची, एवढाच माझा संबंध. मला आवडायचं ते करणं.

ते मी शिकले न्यूझीलंडला. नवरा रेफ्रिजरेशन इंजिनियर. लग्नानंतर काही वर्षांनी त्याला तिथल्या दक्षिण बेटावर, एका लहानशा गावातल्या दुधाच्या कारखान्यात नोकरी लागली. मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. गाव इतकं शांत की दुपारी रस्त्यावरून गाडी गेली तर मी खिडकीशी जाऊन बघायचे. हिवाळ्यात पाचलाच अंधार पडायचा. नवरा कामावर, मुलगी झोपलेली, आणि मी केमिस्ट्रीची एमएस्सी, डिग्री कपाटात ठेवून मोजे वाळत घालत बसलेली.

शेजारी एक बाई एकट्या राहायच्या. साठी केव्हाच ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलं लांबच्या शहरांत. त्या एकदा दारात आल्या त्या मनगटाला प्लास्टर घालून. म्हणाल्या, आज बाटल्या भरायचा दिवस आहे आणि माझा एक हात कामातून गेलाय, तुझे दोन हात उसने मिळतील का? कसल्या बाटल्या ते मी विचारलंच नाही. मुलीला कडेवर घेतलं आणि गेले. त्यांच्या धुण्याच्या खोलीत प्लास्टिकचं एक पिंप होतं, त्याला खाली तोटी. मी बाटल्या भरत गेले आणि झाकणं दाबून बसवत गेले. त्या खुर्चीवर बसून मला सूचना देत होत्या आणि मुलीला बिस्किटं. निघताना त्यांनी विचारलं, पुढच्या वेळी सुरुवातीपासून करायचं का?

सुरुवात म्हणजे एक डबा. तिथे किराणामालाच्या दुकानात, जॅमच्या बरण्यांच्या पलीकडेच हे डबे मिळायचे. आत माल्टचा घट्ट, काळपट अर्क, त्यातच हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणा उतरवलेला, आणि वरच्या झाकणाखाली यीस्टची पुडी. बाईंनी डबा उघडला आणि मी चाट पडले. ती काकवी होती. माझ्या वडिलांचं कोल्हापूरजवळ गुऱ्हाळ होतं. गूळ होण्याआधीची ती दाट, तपकिरी धार मी लहानपणी पोळीवर घेऊन खाल्लेली. मी न विचारता बोट बुडवून चाटलं. आधी गोड, अगदी काकवीसारखं, आणि मग मागून जिभेच्या मुळाशी सरकत आलेला कडूपणा. बाईंना काकवी म्हणजे काय ते कसं सांगायचं ते मला सुचेना. मी नुसती हसत राहिले. त्याही हसल्या.

डब्यातला अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, साखर घालायची, पिंपात ओतून वर गार पाणी, आणि कोमट झालं की यीस्ट. एवढंच. पण यीस्ट टाकायच्या आधी बाई एक काम न चुकता करायच्या. त्या गोड-कडू पाण्याचा एक मग भरून बाजूला काढायच्या आणि तो माझ्या मुलीला द्यायच्या. पहिल्यांदा मी घाबरले. त्या म्हणाल्या, "यीस्ट पडेपर्यंत हे मुलांचं असतं. पडलं की मोठ्यांचं." त्यांच्या स्वतःच्या मुलांना त्या असाच मग द्यायच्या म्हणे. मुलगी तो दोन्ही हातांत धरून तळापर्यंत प्यायची आणि ओठांवर तपकिरी मिशी घेऊन घरभर फिरायची.

पुढे आम्ही त्या गावात बरीच वर्षं राहिलो आणि मी चांगली तयार झाले. पिंपाच्या झाकणावरच्या नळीतून बुडबुड आवाज यायला लागला की मला वाटायचं घरात कुणीतरी आहे. त्या बाई नसत्या तर त्या गावात माझं काय झालं असतं, हा विचार मी अजूनही करते. त्यांनी मला बिअर शिकवली असं मी लोकांना सांगते. खरं तर त्यांनी माझ्या दुपारी भरून दिल्या.

मग नवऱ्याला अमिरातीतल्या अल ऐनची नोकरी लागली. भाजीची आणि खजुराची मोठी शीतगृहं, पगार बरा, भारत तीन तासांवर. इथे दुकानातून बिअर विकत आणता येते, पण घरी आंबवायला कायद्यानं परवानगी नाही. त्यामुळे पिंप, तोटी, झाकणं दाबायचं यंत्र, सगळं बाईंकडेच ठेवलं आणि आलो. वाईट वगैरे काही वाटलं नाही. मला इथल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम मिळालं, डिग्री कपाटातून बाहेर आली. मुलगी मोठी झाली, आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देत मोठी झाली, आणि शिकून दुबईत नोकरीला लागली. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मैत्रिणीबरोबर राहते, शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढून आमच्याकडे येते. आमचं चांगलं चाललं होतं. चांगलं चाललेलं असताना ते कुणी मुद्दाम बघत नाही, तसं आम्हीही बघत नव्हतो.

एका सकाळी दाढी करताना नवऱ्याच्या हाताला मानेत गाठ लागली. दुखत नव्हती म्हणून त्यानं आठवडाभर सांगितलंच नाही. मग तपासण्या, सुईनं काढलेला तुकडा, आणि डॉक्टरांच्या केबिनमधल्या त्या दोन खुर्च्या. जिभेच्या मुळाशी कॅन्सर होता. डॉक्टर सिरियातले होते, शांतपणे बोलणारे. ते म्हणाले, हा बरा होणाऱ्यांपैकी आहे, पण बरं होण्याचा रस्ता वाईट आहे. रेडिएशन आणि केमो दोन्ही. त्यांनी जे सांगितलं ते तसंच झालं, दोन्ही अर्थांनी.

तो उन्हाळा मला सलग आठवत नाही. आठवतात ती माणसं. रेडिएशन रोज असायचं आणि मला शाळेतून रोज निघता येत नव्हतं. शीतगृहात नवऱ्याच्या हाताखाली कोकणातले काही जण काम करतात, मालवणकडचे, वेंगुर्ल्याचे, सगळे इथे एकटे. त्यांनी आपसात ठरवून टाकलं. रोज कुणीतरी एक जण स्वतःची शिफ्ट बदलून गाडी घेऊन दारात उभा. नवऱ्याला घेऊन जायचा, पार्किंगमध्ये त्या उन्हात थांबायचा, परत आणून सोडायचा. वर यायला सांगितलं तर, "नको वयनी, खलास, आता ड्युटीक जातंय," म्हणून निघून जायचा. अजून किती दिवस, असं त्यांच्यातल्या एकानंही मला कधी विचारलं नाही. माझ्याबरोबर शाळेत काम करणारी एक बाई आहे, अल ऐनचीच, जीवशास्त्र शिकवते. ती दर दोन-तीन दिवसांनी माझ्या टेबलावर घरचं लबन, म्हणजे इथलं दाट ताक, ठेवून जायची. गार असतं, घशाला बरं वाटतं, एवढंच म्हणायची.

उपचार संपले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. आणि तेव्हा खरी अडचण सुरू झाली, कारण नवऱ्याच्या तोंडातली चव गेली होती.

चव जाईल हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि समोर ताटावर बसलेला माणूस वेगळा. हा माणूस असा, की कुणाच्या घरी जेवायला गेलो तर आमटीच्या वासावरून गोडा मसाला घरचा की विकतचा ते सांगायचा. तो आता घड्याळ बघून जेवायला लागला, ऑफिसला गेल्यासारखा. भात म्हणजे ओला कापूस, डाळ म्हणजे गरम पाणी, आणि पोळी म्हणजे पुठ्ठा. गोड सगळ्यात आधी गेलं होतं. एकदा मी मऊ खिचडी केली. त्यानं चमचा चमचा करत संपवली आणि छान झाली होती म्हणाला. नंतर मी माझ्या ताटात घेतली, तर मी मीठच घातलं नव्हतं. मी माझ्यापुरतं मीठ घेतलं. मला छान म्हणणं हा त्याच्याकडे उरलेला शेवटचा शिष्टाचार होता, तो मला मोडायचा नव्हता. पण त्याची पँट कमरेवर राहात नव्हती आणि आहारतज्ज्ञ बाई दर भेटीला वजनाचा काटा बघून पुढची तारीख आणखी जवळची देत होत्या.

असे काही महिने गेले. मग एका शनिवारी मी माझ्यासाठी आणि मुलीसाठी कारल्याची भाजी केली होती. त्याच्यासाठी वेगळं मऊ काहीतरी होतं. त्यानं हात लांब करून माझ्या ताटातली कारल्याची एक फोड उचलली, मऊ शिजलीय म्हणून. तोंडात घातली आणि चावायचा थांबला.

"हे कडू आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, "कारलं आहे, कडूच असणार."

"तसं नाही. मला कडू लागलं."

मुलगी सोफ्यावर फोन बघत बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "वेट. व्हॉट?" त्यानं आणखी एक फोड घेतली, मग आणखी एक. कारल्याची भाजी कुणी इतक्या हावरटपणे खाताना मी पाहिलं नव्हतं. आम्ही तिघंही रडलो नाही. मुलीनं उरलेली भाजी सगळी त्याच्या ताटात वाढली आणि स्वतः दही-भात घेतला.

नंतर डॉक्टर म्हणाले की प्रत्येकाची चव वेगळ्या क्रमानं परत येते, यांची कडूपासून येतेय. मग मी घरात सगळं कडू करायला लागले. मेथी, कारलं, बिनसाखरेची कॉफी. तो खायचा, पण कडू पदार्थांनी वजन वाढत नाही. आहारतज्ज्ञांनी ते स्पष्टच सांगितलं. त्यांना त्याच्या पोटात ताकद देणारं काहीतरी जायला हवं होतं, तेही रोज, आणि तो दुधाच्या पावडरींना हात लावत नव्हता. गोड वास येतो, पण जिभेवर खडू लागतो, असं म्हणायचा.

त्या भेटीहून परत येताना तो गाडीत म्हणाला, "तुझी बिअर अशी होती. वास गोड आणि चव कडू."

मी म्हटलं, "दारूचा थेंब नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

"माहीत आहे. मी मागत नाहीये. नुसतं आठवलं."

मी सिग्नलला उभी होते. मला मात्र मुलगी आठवली, लहानपणी दोन्ही हातांत मग धरलेली. यीस्ट पडेपर्यंत ते मुलांचं असतं. यीस्ट नाही तर दारू नाही. आंबवायचं नाही तर कायद्याचाही प्रश्न नाही, आणि माल्टमध्ये ताकद तर भरपूर. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल हिरवा झालेला कळला.

दुसऱ्या दिवशी मी आहारतज्ज्ञांना फोन केला. त्यांना माल्टचा अर्क माहीत होता, पावात घालतात तो. त्या म्हणाल्या, जरूर द्या, फार गरम नको, फसफसणारं नको. हॉप्सबद्दल त्यांनी औषधं देणाऱ्या फार्मासिस्टला विचारायला लावलं. त्यानं सगळ्या गोळ्यांची नावं तपासून, थोड्या प्रमाणात चालेल म्हणून सांगितलं. हॉप्सची वाळलेली फुलं झोप येण्याच्या चहात वापरतात, त्यामुळे हेल्थ फूडच्या दुकानात पाकीट सहज मिळालं. राहिला माल्ट. कडूपणा आधीच घातलेले ते डबे इथे कुठे मिळणार? साधा अर्क हवा होता. मुलीनं ऑनलाइन शोधून काढलं की दुबईतच रास अल खोरला बेकऱ्यांना माल पुरवणारी गोदामं आहेत.

त्या शुक्रवारी ती आली नाही, शनिवारी सकाळी मीच दुबईला गेले आणि ती मला घेऊन रास अल खोरला निघाली. ट्रक, फोर्कलिफ्ट, गॅरेजं, आणि त्यांच्या मधोमध आम्ही दोघी. गोदामातला माणूस पेशावरचा होता. माल्ट आहे म्हणाला आणि त्यानं जी बादली दाखवली ती आमच्या घरच्या पाण्याच्या बादलीहून मोठी होती.

"मॅडम, बेकरी कहाँ है आपकी?"

मी म्हटलं, बेकरी नाहीये, घरी एक माणूस आजारी आहे. कुणास ठाऊक का, पण मी त्याला सगळं सांगितलं, कडूचं सुद्धा. तो उभ्या उभ्या ऐकत होता. मग आत गेला, एक रिकामी, धुतलेली बरणी घेऊन आला आणि उघड्या बादलीतून पळीनं ती गळ्यापर्यंत भरली. म्हणाला, आधी घरी बनवून बघा, भाईसाहेबांना आवडलं तर बादली घेऊन जा, इन्शाल्ला आवडेल. बरणीचं काही घ्यायला तो तयार होईना.

गाडीत बसल्यावर मुलीनं बरणीचं झाकण उघडलं आणि बोट बुडवून चाटलं. नेमकं माझ्यासारखं, आणि मी तिला तसं करताना कधी दिसले नव्हते. तिनं डोळे मिटले.

"आय नो धिस," ती म्हणाली. "आई, आय नो धिस."

तिला ते गाव आठवत नाही. घर, बर्फ, शेजारच्या बाईंचं तोंड, काहीच नाही. मी फोटो दाखवते तेव्हा ती नम्रपणे मान हलवते. पण हे तिच्या जिभेला माहीत होतं. ती दोन्ही हातांत मग धरून प्यायची ती गोष्ट मी तिला सांगितली. तिनं पूर्ण ऐकून घेतली, आणि पहिल्यांदाच पुढचं विचारलं.

घरी येऊन मी मोठं पातेलं काढलं. माल्ट पाण्यात विरघळला आणि उकळी आली तसा वास सगळ्या फ्लॅटमध्ये पसरला. वर फेस आला, तो मी झाऱ्यानं काढत राहिले, गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढायचे तशी. नवरा बेडरूममधून उठून दारात येऊन उभा राहिला. नुसता वास घेत होता. मी हॉप्सची फुलं घातली आणि बिअरच्या एका पुस्तकात वाचलेलं आठवून तासभर उकळली. गार केलं, गाळलं, ग्लासात ओतलं. रंग सुरेख आला होता.

त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी चाखलं. भयंकर होतं. काढ्यासारखं कडू, आणि त्याखाली चिकट गोड, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो म्हणाला, प्रयत्न चांगला आहे. मी म्हटलं, तुझा प्रयत्न ठेव तुझ्यापाशी, आणि पातेलं सिंकमध्ये ओतलं.

मग मी न्यूझीलंडला फोन लावला. बाई आता नव्वदीला टेकल्यात. वृद्धांसाठीच्या घरात राहतात, ऐकायला कमी येतं, त्यामुळे व्हिडिओवर मोठ्यानं बोलावं लागतं. नवऱ्याच्या आजाराचं त्यांना माहीत होतं. मी कृती सांगितली तर त्यांनी कपाळावर हात मारला.

"इतका वेळ उकळायचं ते आंबवणार असलीस तर. तू काही आंबवत नाहीयेस. गॅस बंद कर आणि मग फुलं टाक. चहासारखी मुरव."

आणि गोडाचं काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, यीस्ट गोड खातं आणि थोडा आंबटपणा मागे ठेवतं. तुझ्याकडे यीस्ट नाही, तर आंबट तू घाल. काय घालायचं ते मला माहीत नाही, तुझ्या वाळवंटात काय मिळतं ते तू बघ. मग त्यांनी नवऱ्याला फोनवर बोलावलं. तो इतका बारीक झालेला त्यांनी पाहिला नव्हता. त्या स्क्रीनच्या आणखी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बरा दिसतोस. तिचं ऐकत जा."

लिंबू पिळून पाहिलं, सरबत झालं. चिंच घातली तर सार झालं. सोमवारी शाळेत डब्याच्या सुट्टीत मी हे सगळं त्या जीवशास्त्राच्या सहकारी बाईला सांगत होते. सांगताना थोडी चाचरत होते, कारण बिअर हा शब्द टाळून ही गोष्ट सांगता येत नव्हती. तिनं शांतपणे विचारलं, यात नशेचं काही नाही ना? मी म्हटलं, काहीच नाही, आंबतच नाही. मग ती म्हणाली, "लूमी घाल ना." लूमी म्हणजे इथे घरोघर असणारं वाळवलेलं काळं लिंबू. आंबट असतं आणि थोडं कडूही. फोडून बी काढायची, कारण बी जास्त कडू, आणि मग उकळत्या पाण्यात टाकायचं. दुसऱ्या दिवशी तिनं लबनच्या जागी एक पिशवी ठेवली, तिच्या आईनं वाळवलेल्या लूमीची.

त्या संध्याकाळी उरलेल्या माल्टमधून मी एक लहान पातेलं केलं. एकच लूमी घातली. उकळी आल्यावर फेस काढला, गॅस बंद केला, मूठभरही नाही एवढी फुलं टाकली आणि झाकण ठेवलं. गाळून, गार करून, चिमूटभर मीठ घालून ग्लास भरला. पहिला घोट मी घेतला. बिअर नव्हती ती. पण गोड, आंबट आणि कडू एकमेकांना धरून होते, आणि वास त्या धुण्याच्या खोलीचा होता.

त्यानं अर्धा ग्लास न थांबता प्यायला. मग थांबून ग्लासाकडे बघितलं. मी विचारलं, काय लागतंय?

"कडू आधी लागतंय. आंबट पण आहे थोडं." त्यानं आणखी एक घोट घेतला. "मागे अजून काहीतरी आहे. ते काय आहे कळत नाही, पण आहे."

त्यानं ग्लास संपवला आणि पुढे केला, आणखी हवं म्हणून. कारलं सोडलं तर खाण्यापिण्यातलं काहीही त्यानं आणखी मागितल्याला वर्ष होत आलं होतं. मी घाईघाईनं ओतायला गेले आणि थोडं ओट्यावर सांडलं. तो म्हणाला, सावकाश, मी कुठे जात नाहीये.

पुढच्या शनिवारी आम्ही बादली आणली. गोदामातल्या माणसानं मला लांबूनच ओळखलं आणि काही न विचारता हसला. तेव्हापासून दर आठवड्याला एक पातेलं होतं. रोज सकाळी एक ग्लास आणि संध्याकाळी एक. वजनाचा काटा आधी थांबला, मग सावकाश वर सरकायला लागला. माल्टनंच हे केलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी केलं, औषधांनी केलं, आणि शरीर स्वतःचं बरंच काही करतं. पण ज्या दिवशी दुसरं काही जात नव्हतं त्या दिवशी तेवढं जात होतं, हे मी रोज पाहिलंय. मागून येणारी ती न कळणारी चव गोडाची आहे, हे त्याला नंतर हळूहळू कळलं.

सहकारी बाईला मी एक बाटली नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आई म्हणते लूमी चांगली उतरलीय, बाकीचं काय ते ठीक. मी हे घरी सांगितलं तेव्हा नवरा खूप हसला. आवाज त्याचा अजून घोगरा आहे, हसला की खोकला येतो.

गेल्या महिन्यात स्कॅन झाला. स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, आता लांबच्या तारखा देऊ. त्या शुक्रवारी आम्ही शीतगृहातल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं, गाडी घेऊन येणारे ते सगळे. इतक्या दिवसांत त्यांच्यातला एकही आमच्या घरात बसला नव्हता. मुलगी दुपारीच आली आणि त्यांच्याशी तिच्या मोडक्या मराठीत बोलत होती. तेही तिला मालवणी शिकवत होते आणि दोन्हीकडून हसू येत होतं. सुरमई तळली, सोलकढी केली. सोलकढी त्यांच्यातल्याच एकानं केली, माझी त्यांना चालण्यासारखी नव्हती.

नवऱ्यानं फ्रिजमधून माल्टचं भांडं काढलं आणि स्वतः सगळ्यांचे ग्लास भरले. वेंगुर्ल्याच्या पोरानं घोट घेतला, ग्लास उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "सायेब, ह्येच्यात यीस्ट पडला आसता तर?"

"तर बिअर झाली असती," नवरा म्हणाला. "पण हेच बरं आहे. घे अजून."

पोरानं ग्लास पुढे केला. जेवणं अजून व्हायची होती. मी सुरमईची पुढची खेप तव्यावर टाकायला आत गेले. बाहेरून त्याचा घोगरा आवाज येत होता. हे कसं करतात ते तो त्यांना सांगत होता आणि सगळं चुकीचं सांगत होता. मी दुरुस्त करायला बाहेर गेले नाही.